सत्त्याऐंशीवी मान

भाचा भिक्षू झाला त्या दिवशीच्या जेवणावळीत खामसिंगच्या घशात माशाचा काटा अडकला, आणि चार वर्षं झाली तरी तो निघाला नाही. असं आपलं खामसिंगचं म्हणणं. गावाचं म्हणणं असं, की ज्याचा काटा चार वर्षं टिकेल असा मासा मेकाँगमध्ये अजून जन्माला यायचाय.

उपाय म्हणाल तर त्यानं एक सोडला नाही. चिकट भाताचे लिंबाएवढे गोळे न चावता गिळून झाले. त्यातला एक गोळाच अडकला, तेव्हा काटा परवडला म्हणायची पाळी आली. अख्खी केळी गिळून झाली. शेजारच्या म्हातारीची मांजर आणून तिच्या पंजानं गळ्यावरून वरून खाली ओरबाडून घेतलं, कारण आमच्याकडे अडकलेल्या काट्यावर मांजरीसारखं औषध नाही. मांजरीनं काटा सोडून कातडं काढलं. शेवटी फुंकर घालणाऱ्या बुवाकडे गेला. बुवानं मंत्र पुटपुटून तोंडभर पाणी त्याच्या गळ्यावर फुर्रकन उडवलं आणि सांगितलं, "जा, विरघळला." खामसिंगनं तिथंच थुंकी गिळून बघितली.

"बुवा, विरघळला नाही," तो म्हणाला. "पोहून वर आला."

आता गंमत अशी की हा गृहस्थ कुठल्या भाताच्या गिरणीत कामाला नव्हता. तो मेडिकल कॉलेजात होता, एकतीस वर्षं, तेही शरीररचनेच्या दालनात. माणसाचा गळा आतून कसा दिसतो हे त्याच्याइतकं पाहिलेला माणूस आमच्या अख्ख्या इसान मुलखात नसेल. दालनासमोरचं पटांगण ओलांडलं की कान-नाक-घशाचा विभाग. पण खामसिंग तिकडे फिरकेल तर शपथ. "काय सांगू त्यांना?" तो म्हणायचा. "शेकडो गळे उघडून बघितले, स्वतःच्या गळ्यात काय आहे ते तेवढं बघा? त्यापेक्षा मांजर बरी. ती बाहेर कुणाला सांगत नाही."

दालनात देह यायचे ते दान केलेले. आमच्याकडे त्यांना प्रेत म्हणत नाहीत. म्हटलं तर खामसिंग कानाखाली आवाज काढेल. ते थोरले गुरुजी. पहिल्या वर्षाची पोरं शिकायला येतात ती आधी फुलं वाहून, गुडघे टेकून त्यांना नमस्कार करतात. प्रत्येक टेबलाच्या पायथ्याशी पाटी असते, त्यावर गुरुजींचं नाव, वय, कशानं गेले ते. वर्ष संपलं की क्षमा मागून, घरच्यांना बोलावून, थाटामाटात अग्नी देतात. पाट्या खामसिंग लिहायचा, आणि आलेल्या देहात औषधी पाणी भरून तो टिकवायचं कामही त्याचंच. त्या औषधानं माणूस जसा निजवला तसा कायमचा घट्ट होतो. हे एवढं लक्षात ठेवा.

कारण खामसिंगनं नोकरीच्या पहिल्याच महिन्यात एक शहाणपणा केला होता. तेव्हाच्या म्हाताऱ्या प्राध्यापकांनी त्याला बजावलं होतं: "देह सपाट निजवायचा. डोक्याखाली काही नको." आणि पहिला देह आला तो नेमका त्याच्या गावच्या शाळेच्या मोठ्या बाईंचा. ज्यांनी त्याला बाराखडी शिकवली, पट्ट्या मारल्या, आणि पट्ट्या मारून झाल्यावर आंबा दिला, त्या बाई. त्यांचं डोकं पायाच्या पातळीला? आमच्याकडे पोरगंसुद्धा थोरांच्या डोक्यावरून हात नेत नाही. प्राध्यापक जेवायला गेले, आणि खामसिंगनं आपला चौकड्यांचा पंचा चार घड्या करून बाईंच्या डोक्याखाली सरकवला. हनुवटी जराशी छातीकडे आली. बाई वर्तमानपत्र वाचतायत असं वाटायला लागलं. त्याला बरं वाटलं.

मग दुसऱ्या गुरुजींना बिनउशीचं कसं ठेवणार? त्यांनी काय घोडं मारलं होतं? अशा रीतीनं एकतीस वर्षं आमच्या कॉलेजातले सगळे थोरले गुरुजी वर्तमानपत्र वाचत निजले. पोरं कुरकुरायची, "काका, यांची मान मागं जात नाही हो." खामसिंग म्हणायचा, "ह्या वयात तुमचीही जाणार नाही."

सहा वर्षांपूर्वी आजान ओरथाई आल्या. आजान म्हणजे आमच्याकडे प्राध्यापकबाई. ह्या वयानं लहान, चष्मा मोठा, आणि डोक्यात एकच किडा. कानाच्या बुडाशी कवटीचं एक हाड खाली डोकावतं, बोरूसारखं टोकदार, अंगठ्याच्या पेराएवढं. त्याच्या शेजारून मेंदूला रक्त नेणारी मोठी धमनी वर जाते. ती सरळ वर जाते असं पुस्तक म्हणतं. पुस्तकाला म्हणायला काय जातंय! प्रत्यक्षात कुणाची सरळ असते, कुणाची नदीसारखी वळण घेते, कुणाची कोपरासारखी दुमडते, आणि एखाद्याची तर स्वतःभोवती गिरकी मारून मग वर निघते. आजानना जाणून घ्यायचं होतं ते हे, की धमनी अशी वाकडी असली की ती त्या हाडाच्या किती जवळ येते. कारण घशात सुरी घालणाऱ्या डॉक्टरला एका मिलिमीटरनं फरक पडतो, आणि रोग्याला तर पडतोच पडतो.

मोजायचं कुणी? खामसिंगनं. त्याचा हात स्थिर. बारीक चिमटामाप घेऊन त्यानं सहा वर्षांत शहाऐंशी माना मोजल्या, डावी उजवी दोन्ही बाजू, प्रत्येक तीनदा. तक्ता तयार झाला. सरळ धमनीचं अंतर भरपूर. वाकडीचं कमी, पण चार मिलिमीटरच्या खाली कधीच नाही. आजान खूश झाल्या. म्हणाल्या, "काका, आपण हे छापायचं. आणि तुमचं नाव त्यात तिसरं."

झालं! खामसिंगचे पाय जमिनीवर राहीनात. एकतीस वर्षं त्यानं दुसऱ्यांची नावं पाटीवर लिहिली होती. आता त्याचं नाव कुणी तरी लिहिणार होतं. तो स्टुडिओत जाऊन पांढऱ्या गणवेशात फोटो काढून आला. शोधनिबंधात फोटो छापत नाहीत हे आजाननी सांगितलं तेव्हा चार प्रती निघून झाल्या होत्या. गावच्या मुखियानं, हा त्याचा मेहुणाच, परस्पर फलक छापून घेतला: 'गावचे सुपुत्र शास्त्रज्ञ खामसिंग यांचे हार्दिक अभिनंदन'. फोटोतल्या खामसिंगची मान फलकावर मावेना म्हणून तेवढी कापली होती.

"शास्त्रज्ञ?" त्याची बायको बुआलाय फलक बघून म्हणाली. "ज्याला दुधाची पिशवी नीट कापता येत नाही तो?"

बुआलायचं बसस्टँडजवळ मालिशचं दुकान. हात असे, की ट्रकवाले गाडी थांबवून यायचे. दर रविवारी दुपारी खामसिंग तिच्या सतरंजीवर पालथा पडायचा, कारण काट्याच्या बाजूची मान आणि कान भयंकर दुखायचे. ती हनुवटी धरून मान एका झटक्यात वळवायची. कडक्! "अजून जोरात," तो म्हणायचा. ती अजून जोरात द्यायची. डोळ्यांपुढे जरा काजवे चमकायचे. खामसिंगला वाटायचं, चला, पैसा वसूल. पैसे तो देत नव्हता ती गोष्ट वेगळी.

निबंध छापायला पाठवायला पंधरा दिवस उरले होते. दालनातल्या नळी-दिव्यांपैकी एक फडफडायला लागला. खामसिंग स्टुलावर चढला, मान मागं टाकून वर बघितलं, जरा उजवीकडे वळला, आणि दिवा एकदम गेला. दिवा कुठला, तोच गेला. डोळे उघडले तेव्हा तो दोन टेबलांच्या मध्ये फरशीवर होता आणि आजान ओरथाई त्याच्या गालावर चापट्या मारत होत्या.

"काका! काका, ऐकू येतंय?"

"येतंय," खामसिंग म्हणाला. "पाटी लिहायची घाई करू नका."

त्यांनी त्याला हाताला धरून पटांगण ओलांडायला लावलं. घशाचे डॉक्टर पकोर्न. त्यांनी सगळी हकिगत ऐकून घेतली, मांजरीपासून बुवापर्यंत. एकदाही हसले नाहीत, पण नर्स बाहेर गेली आणि तिच्या खोकण्याचा आवाज बराच वेळ येत राहिला. मग डॉक्टरांनी हातमोजा घातला, "आ करा" म्हणाले, आणि पडजिभेच्या उजव्या बाजूला बोट खोलवर दाबलं.

खामसिंग असा ओरडला की बाहेरच्या बाकावरची दोन पोरं आपसूक घरी गेली.

"काटाच आहे ना?" डोळ्यांतलं पाणी पुसत त्यानं विचारलं.

"हाड आहे खरं," डॉक्टर म्हणाले. "पण माशाचं नाही, काका. तुमचं आहे."

स्कॅनमध्ये चित्र स्वच्छ दिसलं. तेच बोरूसारखं हाड. दुसऱ्यांचं पेराएवढं असतं, खामसिंगचं उजवं अडीच पेरं वाढून घशाच्या भिंतीपर्यंत आलं होतं. शेजारची धमनी सरळ नव्हती, छान वळण घेऊन गेली होती. मधलं अंतर साडेचार मिलिमीटर. खामसिंगनं पडद्याकडे बघितलं आणि त्याला इतकी लाज वाटली की पुसता सोय नाही. सहा वर्षं तो रोज ह्याच हाडाला चिमटा लावत होता. आजानना म्हणत होता, "ह्या गुरुजींचं लांब आहे बघा, बिचाऱ्यांना गिळताना त्रास झाला असेल." आणि स्वतः मांजरी धरत फिरत होता!

"हा असला शास्त्रज्ञ," तो आजानना म्हणाला. "फलकावर मान कापली ते बरोबरच केलं मेहुण्यानं."

डॉक्टर पकोर्ननी आजानांचा तक्ता वाचलेला होता. खर्डा त्यांच्या टेबलावरच होता. "तुमचंच मोजमाप तुमच्या उपयोगी पडतंय, काका," ते म्हणाले. "वाकडी धमनी असली तरी चारच्या खाली अंतर जात नाही, आणि इथं तर साडेचार आहे. म्हणजे तोंडातून जाऊन हाड कापता येईल. बाहेर व्रण नाही, तीन दिवसांत भात खाल. खांद्याखाली उशी देऊ, डोकं पार मागं टाकू, तोंड उघडू, की झालं."

"डोकं पार मागं," खामसिंग म्हणाला.

"हो. त्याशिवाय दिसत नाही आत."

खामसिंगला आपण स्टुलावर चढून वर बघितलं ते आठवलं. मग त्यानं पडद्यावरच्या चित्रात स्वतःच्या डोक्याखालचा आधार बघितला. स्कॅनच्या टेबलावरही डोकं जरा उचलून ठेवतात. आणि मग त्याला शहाऐंशी गुरुजी आठवले, एकजात वर्तमानपत्र वाचणारे.

डोकं उचललेलं असेल तेव्हा चार. मागं टाकलं तर किती, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. कारण मागं टाकलेली मान आमच्या दालनात एकतीस वर्षांत आलीच नव्हती.

तो "बरं" म्हणून उठला. हे लक्षात घ्या, की त्या वेळी तो काही बोलला नाही. मोठा सत्यवादी हरिश्चंद्र वगैरे काही नव्हता तो. मोटारसायकलवर बसला आणि मान न वळवता, आरशात बघत, बसस्टँडवर आला. बुआलाय एका बाईची पोटरी दाबत होती. त्यानं सगळं सांगितलं, पहिल्या उशीपासून.

बुआलायचे हात थांबले. "म्हणजे ते हाड आणि ती नळी... आणि मी दर रविवारी..."

"कडक्," खामसिंग म्हणाला.

"मी तुला दर रविवारी मारत होते, म्हाताऱ्या?"

"आणि मी अजून जोरात म्हणत होतो. गाढव कोण ते तूच ठरव."

ती हसली नाही. हात मांडीवर पालथे टाकून बघत राहिली. पोटरीवाली बाई शहाणी होती, उरलेल्या पोटरीसकट निघून गेली. मग बुआलाय म्हणाली, "उद्या जाऊन सांग."

"सांगितलं तर तक्ता गेला. ते गुरुजी आता आहेत कुठं परत मोजायला? सगळ्यांना अग्नी देऊन झाला. शहाऐंशी माणसांनी अख्खा देह दिला, आणि मी त्यांच्या माना फुकट घालवल्या असं होईल. आजानांची सहा वर्षं गेली. माझं नाव गेलं."

"आणि नाही सांगितलंस तर?"

"तर नाव छापून येईल," खामसिंग म्हणाला. "वाचायला मी असेन की नाही ते सांगता येत नाही."

"मग पुढच्या माणसाच्या घशात सुरी घालताना तो डॉक्टर तुझं नाव वाचेल," बुआलाय म्हणाली. "काय म्हणून शिव्या देईल ते मला आत्ताच ऐकू येतंय."

दुसऱ्या दिवशी सकाळी खामसिंग आजानांच्या खोलीत जाऊन उभा राहिला. बसा म्हटलं तरी बसला नाही. बाराखडीच्या बाई, पंचाची घडी, प्राध्यापकांची जेवणाची सुट्टी, सगळं ओकून मोकळा झाला. आजान ओरथाईंनी चष्मा काढला.

"किती जणांना उशी दिलीत, काका?"

"सगळ्यांना."

"शहाऐंशीच्या शहाऐंशी?"

"कुणाला कमी जास्त केलं नाही, आजान. भेदभाव माझ्या स्वभावात नाही."

आजान टेबलावरच्या कागदांकडे बघत राहिल्या. त्या ओरडल्या असत्या तर खामसिंगला सोसलं असतं. "सपाट ठेवा असं तुम्हाला सांगितलं होतं ना?" त्यांनी हळूच विचारलं.

"सांगितलं होतं. सांगणारे जेवायला गेले की मी द्यायचो."

"मला एकदा तरी बोलायचं होतंत."

"मला वाटलं उशीनं काय होतंय," खामसिंग म्हणाला. त्याला वाईट वाटलं ते स्वतःच्या नावाचं. खोटं कशाला बोला? आधी नावाचंच वाटलं. मग आजान तक्त्याचे कागद एकावर एक पालथे घालताना दिसल्या तेव्हा त्यांचं वाटलं. आणि मग एकेक करून ते शहाऐंशी जण आठवायला लागले, नावानिशी, कारण पाट्या त्यानंच लिहिल्या होत्या. भाजीवाली होती, निवृत्त पोस्टमन होता, एक तर बुआलायच्या मामेबहिणीचा सासरा होता. त्यानं जिवंतपणी खामसिंगच्या खांद्यावर हात ठेवून सांगितलं होतं, "माझा काही तरी उपयोग होईल असं बघ हं."

आजान उठल्या. त्याला घेऊन पुन्हा पटांगण ओलांडलं. डॉक्टर पकोर्नना सगळं सांगितलं ते त्यांनीच. खामसिंग दाराशी उभा राहून आपल्या चपलांकडे बघत होता. डॉक्टरांनी खर्डा उचलून बाजूला ठेवला. "परत स्कॅन करू," ते म्हणाले. "डोकं मागं टाकून, उजवीकडे वळवून. जमेल तेवढं. डोळ्यांपुढे अंधार आला की हात वर करा."

अंधार आलाच, पण चित्र निघालं. त्यात साडेचार नव्हते. चार नव्हते. एकही नव्हता. त्या वळणदार धमनीचं पोट हाडाच्या टोकावर नेमकं टेकलं होतं, आणि टेकलं होतं तिथं खळगा पडला होता. डॉक्टर पकोर्ननी चित्र दोनदा मोठं करून बघितलं. मग म्हणाले, "मी तोंडातून गेलो असतो."

मालिशचे रविवार मोजायचा प्रयत्न खामसिंगनं केला. दोनशेच्या पुढे गेल्यावर सोडून दिला.

ऑपरेशन बाहेरून झालं. कानामागून जबड्याखालपर्यंत लांबलचक व्रण राहिला. हाडाचा तुकडा डॉक्टरांनी बाटलीत घालून दिला. शुद्धीवर आल्यावर खामसिंगनं पहिली थुंकी गिळली आणि चार वर्षांत पहिल्यांदा काहीच टोचलं नाही. त्याला इतकं सुनं सुनं वाटलं की त्यानं परत गिळून बघितलं.

तक्ता मात्र गेला. गावात कळायला वेळ लागला नाही. मेहुण्यानं फलक उतरवला आणि वाया जाऊ नये म्हणून उलटा करून त्यावर मिरच्या वाळत घातल्या. "शास्त्रज्ञ, मिरच्या उलटवा!" पोरं ओरडायची. खामसिंग जाऊन उलटवायचा. तेवढं तर करायलाच हवं होतं.

आजान ओरथाईंनी सहा महिन्यांनी एक छोटंसं टिपण छापलं. दीड पान, दोन चित्रं. एकाच माणसाची मान, डोकं उचललेलं असताना आणि मागं टाकलेलं असताना. खाली एवढंच, की धमनी वाकडी असेल तर अंतर मोजताना मान कशी होती ते आधी विचारा, आणि शस्त्रक्रियेत जशी ठेवणार तशी ठेवूनच मोजा. आमच्या आधीच्या मोजण्यांत ही चूक झाली, असंही त्यांनी सरळ लिहिलं. कुणाची ते नाही लिहिलं. 'आमच्या' असं लिहिलं.

खामसिंगनं ते पान तीनदा वाचून काढलं. "माझं नाव कुठंय?"

आजान ओशाळल्या. "काका, लेखक म्हणून रोग्याचं नाव घालता येत नाही. आणि रोगी म्हणून तर कुणाचंच नाव छापत नाहीत. नियम आहे तसा." त्यांनी बोट ठेवलं. "हे तुम्ही."

तिथं लिहिलं होतं: अठ्ठावन्न वर्षांचा पुरुष.

"झालं की मग," खामसिंग म्हणाला. "वय तरी बरोबर घातलंत."

हसला, पण घरी जाऊन त्यानं स्टुडिओतल्या फोटोच्या चारही प्रती पेटीच्या तळाशी घातल्या. आणि त्यानंतर दालनात काम करताना तो खालमानेनं करायला लागला. डॉक्टरांनी मान वर ठेवायचा व्यायाम दिला होता, तो घरी करायचा. दालनात नाही. नवे गुरुजी सपाट निजवायचा, आणि निजवताना दरवेळी मनातल्या मनात माफी मागायचा, नव्यांची नाही, जुन्यांची. अग्नी देताना मागितलेली क्षमा ह्या चुकीला पुरते की नाही, असं त्यानं एकदा देवळातल्या भन्तेंना विचारलंसुद्धा. भन्ते म्हणाले, "त्यांनाच विचार." आता त्यांना कुठं गाठायचं!

असं वर्ष गेलं. एक दिवस दुपारी आजान ओरथाई धावत दालनात आल्या. पहिल्यांदाच धावताना दिसल्या. हातात छापलेला कागद होता.

"काका, दक्षिणेकडच्या एका डॉक्टरांचं पत्र आलंय. ऐका." त्या उभ्या उभ्याच वाचायला लागल्या. एक रोगी, बेचाळीस वर्षांचा पुरुष, ट्रकचालक. गाडी मागं घेताना मान वळवून बघितलं की डोळ्यांपुढे अंधार. हाड लांब, धमनी वाकडी, अंतर ठीक. तोंडातून करायचं ठरलं होतं. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी तिथल्या डॉक्टरांनी आजानांचं टिपण वाचलं, मान मागं टाकून पुन्हा स्कॅन घेतला, तर धमनी हाडाला चिकटलेली. मग बाहेरून गेले. आभारी आहोत.

"नाव काय त्याचं?" खामसिंगनं विचारलं.

"नाव नाही हो देत, काका. तुम्हाला माहीत आहे ना?"

"माहीत आहे, माहीत आहे. जगला ना?"

"जगला. पुढच्या महिन्यापासून परत गाडीवर जातोय, असं लिहिलंय."

खामसिंग स्टुलावर बसला. "आजान," तो म्हणाला, "मी त्यांच्या माना फुकट घालवल्या असं मला वर्षभर वाटत होतं. त्या सगळ्यांच्या."

"मलाही वाटत होतं," आजान म्हणाल्या.

"उश्या माझ्या, पण मोजायला माना त्यांच्याच होत्या ना? ते शहाऐंशी नसते तर ही सत्त्याऐंशीवी मान मागं टाकून बघायचं कुणाला सुचलं असतं का?"

"नसतं सुचलं."

"गाडीवर जातोय म्हणजे," खामसिंग म्हणाला, "आता गाडी मागं घेताना मान वळवून बघेल तो." एवढं बोलला आणि अठ्ठावन्नचा एकोणसाठचा झालेला तो बाप्या लहान पोरासारखा हमसून हमसून रडायला लागला. आजाननी पत्र त्याच्या मांडीवर ठेवलं आणि जाऊन दालनाचं दार लावून घेतलं.